‘म’पासून पुढचे शब्द

मी एक जुना ब्राँझचा पुतळा आहे, मित्रांनो, आणि मी संतापलो आहे.

विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर मी साठ वर्षं उभा आहे. ज्यांचा मी पुतळा, ते सर कोशकार होते. लोहार, सुईणी, नावाडी यांच्याजवळ बसून ते त्यांचे शब्द ऐकत आणि एकेक शब्द एकेका कार्डावर लिहीत. ओतकाम करणाऱ्या कारागिराने सरांच्या बहिणीला विचारून माझ्या मधल्या बोटावर लेखणीचा घट्टासुद्धा काढला. कोश ‘न’पर्यंत छापून झाला आणि सर गेले. पुढची कार्डं तळघरात लाकडी खणांमध्ये राहिली. ती सांभाळणाऱ्या बाईंना सगळे कार्डबाई म्हणत. ओल, वाळवी, उंदीर, सगळ्यांशी त्या एकट्या झगडल्या.

यंदा माझ्या साठीचा समारंभ ठरला. कुलसचिव माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “पुतळा लखलखला पाहिजे. आणि जादा खुर्च्यांसाठी तळघर रिकामं करा.”

कार्डबाई धावत आल्या. “साहेब, तिथे कार्डं आहेत. निम्मा कोश छापायचाय अजून.”

“कोण वाचतंय बाई आता? सगळं मोबाइलवर मिळतं.”

“हे नाही मिळत. हे दुसरीकडे कुठे लिहिलेलंच नाही.”

“समारंभ होऊ द्या, मग बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रद्दीवाल्याचा ट्रक आला. इकडे दोन माणसं माझे कान घासत होती आणि तिकडे माझ्या डोळ्यांदेखत खण उपडे होत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पाय चौथऱ्याला बोल्टने आवळलेले. कार्डबाई ट्रकवर चढल्या आणि ओंजळी भरभरून कार्डं खाली टाकू लागल्या. माळ्याने पाण्याचा पाइप फेकून ढकलगाडी आणली. ‘प’ ते ‘भ’ एवढंच हाती लागलं. ‘म’पासून पुढचे शब्द कागदाच्या लगद्यात गेले. ते बोलणारी माणसंही आता उरली नाहीत.

समारंभात पाहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवत पाऊण तास ज्ञानसाधनेवर भाषण ठोकलं. कार्डबाईंना आमंत्रण नव्हतं. त्या वेळी त्या घरी जावेला सोबत घेऊन कार्डांवरची माती पुसत होत्या, असं माळी सांगत होता.

मित्रांनो, माझ्यावर कबुतरं बसली तर खुशाल बसू द्या. मला घासू नका. बाईंच्या घरी जा. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. एकाने वाचायचं, एकाने उतरवून घ्यायचं. अजून ‘प’च चालू आहे.