कोरडा फोन

"कोण, मिस्त्री का?" पलीकडून आवाज आला.

कुसाबाईंनी झेंडूच्या सरीत उभ्या उभ्याच फोन कानाला लावला होता. "ते नायत. वारले," त्या म्हणाल्या.

पलीकडचा माणूस अरेरे म्हणाला. मग मोटर काढायला आता दुसरं कोणी आहे का, असं त्यानं विचारलं. कुसाबाईंनी पेठ रोडच्या बहिरूचं नाव सांगितलं, फोन पदरानं पुसला आणि पुन्हा फुलं तोडायला वाकल्या.

कुसाबाईंच्या नवऱ्याला, कोंडाजी मिस्त्रींना जाऊन दोन महिने होत आले होते. मखमलाबादपासून दिंडोरीपर्यंत कितीतरी विहिरींतल्या मोटरी त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे फोन यायचेच. पहिल्यांदा सांगताना कुसाबाईंना दोन-तीनदा सुरुवात करावी लागायची. आता दूधवाल्याला आज दूध नको म्हणावं, तसं त्या सांगून टाकत. रडू कधी आलंच नव्हतं. भावकीतल्या बायका येऊन रडून गेल्या, सून शुभांगी रडली. कुसाबाई आल्यागेल्याला पाणी देत राहिल्या.

फोन घेऊन दिला होता मुलानं, जीवननं. तो सातपूरला कंपनीत कामाला होता. एकदा विहिरीतली ओल चार्जिंगच्या भोकात गेली आणि फोन आठवडाभर मुका झाला. तेव्हापासून कोंडाजींनी त्या भोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बुचासारखा बसवला. विहिरीत उतरताना फोन दोन पिशव्यांत गुंडाळायचा, वर रबर लावायचं आणि गळ्यात अडकवायचा, हा त्यांचा नेम. घरी आले की अंगावरची बंडी निथळत असायची आणि हे आधी फोन पुसत बसायचे. कुसाबाई वैतागायच्या. एवढी काळजी स्वतःची घ्या, म्हणायच्या.

त्या दिवशी मोहाडीच्या एका विहिरीत छातीएवढ्या पाण्यात उभे असतानाच त्यांच्या काळजात कळ आली. लोकांनी दोर लावून वर काढलं, तोवर सगळं संपलं होतं. नेमका तेव्हाच कुसाबाईंनी शेजारच्या सरुबाईच्या फोनवरून फोन लावला होता, जेवायला थांबू का विचारायला. मिस्त्रींच्या गळ्यातला फोन वाजला. उचलला दुसऱ्याच माणसानं. "ताई, घरात कोणी माणूस हाय का?" त्यानं विचारलं.

पुढे फोन घरी आला तेव्हा त्याला थेंबभरही पाणी लागलेलं नव्हतं. फक्त ते रबराचं बूच दवाखान्याच्या धावपळीत कुठंतरी पडलं होतं.

नंबर आता बंद करू, असं जीवन दोनदा म्हणाला. राहू दे, लोकांना सांगायला लागतं, एवढंच कुसाबाई बोलल्या. तेव्हापासून पहाटे फुलं तोडायला जाताना फोन त्यांच्या कमरेला पिशवीत असायचा. झेंडूवर दव इतकं साचलेलं असायचं की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजे, कमरेची पिशवीही ओली होई. एका संध्याकाळी चार्जर लावला, तर फोनवर काहीच दिसेना. पिन हलवून पाहिली, दुसरा चार्जर लावून पाहिला. काही नाही.

"आई, आपोआपच बंद पडला ना," जीवन हळूच म्हणाला. "आता राहू दे."

कुसाबाईंनी त्याला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी फुलं टेम्पोत घातली, टेम्पोबरोबर स्वतःही शहरात गेल्या आणि फूलबाजारामागच्या नौशादच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोन काउंटरवर ठेवला. नौशादनं भोकात उजेड पाडून पाहिलं. आत हिरवा गंज धरला होता. जुन्या दातांच्या ब्रशनं त्यानं तो घासून काढला आणि विचारलं, मावशी, दवात नेता का हा? मग फोन ओला वाटला की चार्जरला लावायचा नाही, चुलीजवळ शेकवायचा नाही, भोक खाली करून सावलीत वाळू द्यायचा, असं सगळं समजावलं. शेवटी ट्यूबचा एक तुकडा कापून त्यानं भोकात बसवला. बूच नीट बसलं की नाही, हे कुसाबाईंनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. घरी येऊन फोन चार्जरला लावला, तो चालू झाला.

दिवाळी उलटली. बातमी बहुतेकांपर्यंत पोचली असावी, कारण फोन कमी होत गेले. कधी कधी आठवडा आठवडा वाजायचा नाही. कुसाबाई तरी रोज बूच काढून तो चार्ज करत आणि बूच पुन्हा लावून ठेवत.

मग थंडीच्या दिवसांत एका सकाळी फोन वाजला. म्हातारा आवाज होता, वणीकडचा. त्याला मिस्त्री नको होते, निरोप द्यायचा होता.

"बाई, मिस्त्रींना सांगा, मोटर चालू हाय. कांदा लागला की कळवा म्हणले होते. काल लागण उरकली. लय चांगलं पाणी फेकती."

कुसाबाईंनी तोंड उघडलं. नेहमीचे शब्द जिभेवर तयार होते. पलीकडे म्हाताऱ्याच्या मागे पाईपातून हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता, एकसारखा.

"सांगते," त्या म्हणाल्या.

"अन् एकदा जेवायला या म्हणावं."

"बरं. सांगते त्यांना."

फोन बंद झाला. कुसाबाई सरीतच, ओल्या मातीत खाली बसल्या. बांधावर फुलांचं कॅरेट अर्धं भरून पडलं होतं. रस्त्यावर टेम्पोवाला हॉर्न देत होता. त्यांनी हात वर करून त्याला जा म्हणून खूण केली. तो थोडा वेळ थांबला, मग फुलं न घेताच गेला.