गोगलगायीची चिठ्ठी

पाळणाघराला कुलूप होतं. तान्ह्याला आजीपाशी सोडून ती थोरल्या लेकीला, ठकीला, कडेवर घेऊन प्रयोगशाळेत आली. सरांच्या कपाळाला आठी पडली नाही, हेच नवल.

काचेच्या टाकीत तिने अख्खं तळं वसवलं होतं. पाणवनस्पती, गोगलगायी, पाणकिडे, इवले मासे. कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या जिवावर जगतं, सगळं तिला पाठ. दर आठवड्याला एक चिठ्ठी काढायची आणि जी जात निघेल ती टाकीतून साफ उपटायची. नुकसान आंधळंच हवं; बघून निवडलं की प्रयोग नासला, हा सरांचा दंडक. आजवर बऱ्याच जाती गेल्या, पण तळ्याने हूं की चूं केलं नाही. सर वैतागले होते. तळं कोसळल्याशिवाय प्रबंध पुरा होणार नव्हता.

चिठ्ठ्यांवर नावांऐवजी चित्रं होती. ठकीला मांडीवर घेऊन तिनेच ती काढली होती. सरांनी गंमत म्हणून डबा ठकीपुढे धरला.

निघाली गोगलगाय. काचेवर सरकणाऱ्या गोगलगायींमागून ठकी आल्यापासून बोट फिरवत होती.

"ही नको. दुसरी काढते," ठकी म्हणाली.

पानांवरचं शेवाळ गोगलगायीच खरवडून खात. त्या गेल्या की काय होणार, ते आईला ठाऊक होतं. पण सर बघत होते, आणि प्रबंधही तिचाच होता.

"चिठ्ठी निघाली की निघाली, राणी," ती ठकीला म्हणाली.

चिमट्याने एकेक गोगलगाय उचलून तिने स्पिरिटमध्ये टाकली. ठकी रडली नाही. नुसती बघत राहिली.

थोड्याच दिवसांत पानं शेवाळाने माखली, गुदमरून कुजली. पाण्याला वास सुटला आणि मासे पोट वर करून तरंगू लागले. सर खुशीत म्हणाले, पोरीच्या हाताला गुण आहे, दुसऱ्या टाकीलाही हिलाच आणा.

त्या संध्याकाळी घरी ठकीने वाटीत कागदाचे बोळे आणले. त्यांवर रेघोट्यांची माणसं होती. डोळे मिटून तिने एक उचलला, उलगडला. एक गोल, त्यात मोठं उघडं तोंड. तान्हा.

"हा नको गं," आई हसल्यासारखं करत म्हणाली, "दुसरी काढ."

"चिठ्ठी निघाली की निघाली, राणी," ठकी म्हणाली, आणि ओट्यावरचा चिमटा घेऊन पाळण्याकडे वळली.