अण्णारावांची लढाई

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पाऊस दडी मारून बसला होता आणि अण्णाराव निवडणुकीला उभे होते. एकाहत्तरच्या लढाईत आपण रणगाडा अडवला, हे ते पाण्याच्या टँकरपुढच्या रांगेलाही ऐकवत. विरोधकांनी मात्र उठवलं, की हा गडी फौजेत गेलाच नव्हता.

ते त्यांच्या बायकोला, सिंधूला, झोंबलं. नवऱ्याच्या लढाईवरच ती गल्लीत मान वर करून चालायची. तिनं मुदखेडहून त्यांच्या पलटणीतले सुभेदार साहेबराव गाठले आणि थेट सभेत आणून उभे केले. अण्णारावांना घाम फुटला.

"सांगा सुभेदारसाहेब, आमचे हे फौजेत होते का न्हाई?"

"हाव, होते की! नऊ वर्षं."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अन् रणगाडा अडवला तो?"

"रणगाडा कुठला, वहिनी? लंगरात होते. दोनशे जवानांचा स्वयंपाक करायचे. पुऱ्या तर अशा, की दुश्मनानं ताट घेऊन यावं!"

सभा खो खो हसली. "मत पक्कं!" मागून कुणी ओरडलं. "दुष्काळात रांधणाराच पायजे!"

सिंधू तेवढी हसली नाही. ती तापानं फणफणली होती, तेव्हा याच माणसानं पोरांना आठवडाभर चुरमुऱ्यांवर ठेवलं होतं. म्हणे, चुलीतलं मला काही कळत नाही.

तिनं नवऱ्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"अहो, मतं उद्या मागा. आधी घरी चला, कणीक मळायची हाय."