टोपी डोक्यावरच

बाहेरच्या शिकाऱ्याने गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही, हा नियम ओब्रादनेच भांडून करवून घेतला होता. उन्हाळा संपत आला की बानातच्या त्या सपाट मुलखात इटलीहून शिकाऱ्यांच्या गाड्या यायच्या. गव्हाच्या धसकटांतले लावे पक्षी मनसोक्त टिपायचे, बर्फाच्या पेट्यांत भरायचे आणि पसार व्हायचं.

"आपलं कुणी सोबत असलं की त्यांना लाज तरी वाटेल," शिकार मंडळाच्या सभेत ओब्राद तावातावाने म्हणाला.

"आणि काही वावगं झालं तर?" मंडळाच्या अध्यक्षाने, तिमाने, विचारलं. हे पाहुणे त्याच्याच खानावळीत उतरत.

"तर वाटाड्याला धरा. बंदूक जप्त करा, परवाना कायमचा काढून घ्या. डोळे उघडे ठेवेल मग."

तिमाने ते वाक्य जसंच्या तसं नियमात घातलं. भल्या माणसाची हौस पुरवायला असली माणसं नेहमीच तयार असतात.

नियम झाला, पण ओब्रादला कुणी बोलावलं नाही. तिमाचे भाचे वाटाडे झाले. ते जीपच्या सावलीत बिअर पीत पडत आणि पाहुणे रान धुऊन नेत. ओब्राद दारातल्या बाकावर बसून राही, पायाशी त्याची म्हातारी कुत्री झुया.

यंदा मात्र तिमा स्वतः दारात आला. "बडे पाहुणे आहेत, ओब्रादकाका. म्हणाले, गावातला सगळ्यात सचोटीचा माणूस द्या."

तो गेल्यावर ओब्रादची बायको स्मिल्या म्हणाली, "तिमा उगाच उंबरा चढत नाही."

"किंमत कळली त्याला माझी. तू शर्टाला इस्त्री कर."

सकाळी कालव्याकाठच्या धसकटांत झुया पावलापावलाला थबकून पक्षी दाखवत होती. एक लावा उडे, मागोमाग चार उडत. आधी ओब्रादची छाती फुगली. मग त्याला शंका आली. वाटसरू पक्षी एका पट्टीत एवढ्या दाटीने आपणहून उतरत नाहीत. झुया चरातला पेंढा हुंगत होती. त्याने तो उचकटला. खाली लाव्याचा आवाज काढणारी पेटी होती, अजून गरम. रात्रभर खोटी साद घालून पक्षी खाली उतरवले होते. याला सक्त बंदी होती.

एत्तोरे नावाचा पाहुणा इतक्या वर्षांत इथली भाषा मोडकीतोडकी बोलायला शिकला होता. त्याने प्रेमाने ओब्रादच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी नको. तिमा म्हणाला, तुम्ही असलात की तपासणी नाही."

ओब्रादच्या अंगाची लाही झाली. आपली सचोटी यांनी छत्रीसारखी डोक्यावर धरली होती.

तिकडची रीत अशी, की मारलेले पक्षी हिरव्या डहाळ्यांवर ओळीने मांडायचे आणि वाटाड्याने टोपी काढून उभं राहायचं. शिकार स्वच्छ झाली, याची तीच ग्वाही. त्याशिवाय पक्षी बर्फाच्या पेटीत जात नाहीत.

पक्षी मांडून होतात तोच मंडळाचा राखणदार म्लादेन मोटारसायकलवरून आला. बंदूक धरायला त्याला ओब्रादनेच शिकवलं होतं. तो खालीही उतरला नाही.

"काका आहेत म्हटल्यावर मी काय बघायचं? काढा टोपी, मी निघालो."

ओब्रादचा हात टोपीपर्यंत गेला. खांद्यावर वडिलांची दुनळी बंदूक होती. ती गेली की झुयाबरोबरचं रानही गेलं. त्याने हात खाली घेतला.

"ऊन लागतंय का, काका?" म्लादेन हसला.

"टोपी डोक्यावरच राहील."

म्लादेनचं हसू विरलं. तो हळूच म्हणाला, "काका, मी काही पाहिलं नाही. काढा ना."

"पेटी त्या चरात आहे. हात लावून बघ."

"नियमात पाहुण्याचं नाव नाही हो. वाटाड्याचंच आहे."

"ठाऊक आहे. वाक्य माझंच आहे."

म्लादेनने दुनळी घेतली तेव्हा त्याची मान खाली होती. पक्षी जप्त झाले. पाहुणे तिमाकडे जेवायला गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की म्हाताऱ्याने हट्टापायी गावाच्या पोटावर पाय आणला. तिमाने एवढंच सांगायला फोन केला. "तुमचाच नियम, काका. माझे हात बांधलेले."

दुसऱ्या दिवशी ओब्राद परसातल्या कुंपणाशी उभा होता. कालव्यापलीकडे तेच पाहुणे होते आणि वाटाड्या खुद्द तिमा. डहाळ्यांवर कालच्यापेक्षा जास्त पक्षी मांडले होते. म्लादेनची मोटारसायकल येऊन थांबली.

तिमाने टोपी काढून छातीशी धरली आणि मान लववली. म्लादेनने एकदा ओब्रादच्या कुंपणाकडे पाहिलं. मग पक्ष्यांकडे वळून त्यानेही आपली टोपी काढली.