चांपाघाटची पनवती भिंत

चांपाघाट विधानसभा मतदारसंघाचा इतिहास वृंदाताई सबनिसांनी एका सकाळी गवारीच्या शेंगा मोडता मोडता बदलून टाकला. तसा त्यांचा मुळीच विचार नव्हता. त्यांना फक्त आपली भिंत पांढरी हवी होती.

भिंत म्हणजे घरापुढची कुंपणाची. त्यांचे यजमान श्यामराव रेल्वेतले. भुसावळ, बिलासपूर, चक्रधरपूर असं करत करत शेवटी गार्डन रीचच्या मुख्यालयातून निवृत्त झाले. सगळा संसार क्वार्टर्समध्ये झाला. खिडकीला जाळी लावायची तर अर्ज करा, मोरीची फरशी बदलायची तर साहेबांना विचारा. त्यामुळे निवृत्तीनंतर तिथल्याच बंगाली मुलुखात, चांपाघाटला जुनं का होईना, स्वतःचं घर घेतलं, तेव्हा वृंदाताई स्वयंपाकघरापेक्षा त्या भिंतीवर जास्त खूश झाल्या. जुने पोपडे खरवडून घेतले, लांबी भरून घेतली, रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून दुधी पांढरा रंग काढून घेतला. मग रोज चहाचा कप घेऊन व्हरांड्यात बसायचं आणि भिंतीकडे बघायचं.

"तुझीच नजर लागेल तिला," श्यामराव म्हणायचे.

नजर लागली ती निवडणुकीची. भिंत नेमकी कोपऱ्यावर, दोन्हीकडून येणाऱ्या बसमधून दिसणारी. तारखा जाहीर झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावर चुन्याचा हात फिरला होता आणि शिडीवाल्या पक्षाचा एक कार्यकर्ता कोपऱ्यात छोटी शिडी काढत होता. म्हणजे भिंत राखीव झाली, बाकीचं रंगवणं मजकूर ठरल्यावर.

वृंदाताई तरातरा बाहेर गेल्या. "मला विचारलंत का?"

तो चाळिशीचा गृहस्थ खरोखरच गोंधळला. "विचारायचं काय त्यात, काकीमा? ही भिंत निवडणुकीचीच आहे. आधी छत्रीवाल्यांकडे होती, आता आमच्याकडे."

वृंदाताईंना इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. घर आपलं, कर आपण भरतो, आणि भिंत मात्र शिडीवाल्यांची!

"अहो, तक्रार करा कुठेतरी!"

"करतो की," श्यामराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "निकाल लागला की चौकशीला येतील."

तेवढ्यात मृणालबाबू आले. शेजारचे निवृत्त मास्तर. वृंदाताईंना बउदी, म्हणजे वहिनी, म्हणायचे. रोज सकाळी पेपर वाचायला यायचे, सबनिसांचा पेपर आणि सबनिसांचा चहा. चांपाघाटची प्रत्येक निवडणूक त्यांना तोंडपाठ. कोण उभं राहिलं, कोण पडलं, कोणी कुणाच्या पाठीत सुरा खुपसला, विचारा आणि ऐकत बसा. माणूस मोठा गोड, पण खोड एकच. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

वृंदाताईंनी शेंगांचं ताट पुढ्यात ओढलं आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "मृणालबाबू, या भिंतीवर ज्याचं नाव लिहितात, तो पडतो म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. तुम्हाला माहीत नाही?"

श्यामरावांचा पेपर हळूच खाली आला. मृणालबाबूंनी कप बशीत ठेवला.

"माहीत नाही कसं? पण बउदी, छत्रीवाले इतक्या वेळा निवडून आले, तेव्हा या भिंतीवर छत्रीच होती."

"पुढच्या बाजूला होती, की गल्लीच्या?"

मृणालबाबू छताकडे बघत राहिले. डोळे बारीक झाले. "गल्लीच्या," ते सावकाश म्हणाले, आणि उरलेला चहा तसाच टाकून उठले.

पुढचं काम चहाच्या टपरीवर आपोआप झालं. तिथे बाकड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं. एकाला आठवलं की छत्री एकदा पुढच्या बाजूलाही होती, पण मिटलेली होती, आणि मिटलेली छत्री धरत नाहीत. दुसऱ्याला किटलीवाल्यांचा एक उमेदवार आठवला, जो भिंतीला नुसता टेकून उभा राहिला आणि अनामत रक्कम घालवून बसला. आठवड्याभरात एका यूट्यूब चॅनेलवर 'पनवती भिंत' नावाचा व्हिडिओ आला. त्यात मृणालबाबू इस्त्रीचा पंजाबी कुर्ता घालून, आपण हे अनेक वर्षांपासून सांगत आलो आहोत, असं सांगत होते.

शिडीवाले स्वतः आले, आपली शिडी स्वतः पुसली आणि वर काकीमांची माफी मागून गेले. वृंदाताईंनी त्या दिवशी शिरा केला. भिंत पुन्हा पांढरी! चुन्याची का असेना, पण पांढरी.

हा आनंद फार टिकला नाही. एका सकाळी दार उघडलं, तर भिंतभर वाफाळती किटली आणि खाली किटलीवाल्या उमेदवाराचं नाव. अक्षरांना सावली दिलेली, कडेला वेलबुट्टी. वृंदाताई किटलीवाल्यांच्या कार्यालयात भांडायला निघाल्या, तर तेच बादली घेऊन धावत येत होते.

"आम्ही नाही काढली, काकीमा! शिडीवाल्यांनी काढली!"

त्यांनी स्वखर्चाने चुना मारला आणि जाता जाता हळूच छत्री काढून गेले. छत्रीवाल्यांनी छत्री पुसली आणि शिडी उभी केली. स्वतःच्या उमेदवारासाठी चार फराटे मारणारे लोक शत्रूचं नाव लिहायला चांगले पेंटर लावू लागले. आपल्या चांपाघाटात इतकी कला आहे, हे लोकांना तेव्हा कळलं. मुंबईहून मुलीचा, मुग्धाचा, फोन आला: "आई, आपली भिंत ट्रेंड होतेय!"

"तुझाच इतिहास आहे. भोग आता," श्यामराव म्हणाले, आणि हसू आवरेना म्हणून आत गेले.

शेवटी वृंदाताई मृणालबाबूंकडे गेल्या आणि सरळ म्हणाल्या, "मी ते बनवून सांगितलं होतं. तसं काही नाहीये. तुम्ही लोकांना सांगा."

मृणालबाबूंनी त्यांच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "बउदी, तुम्ही बाहेरगावच्या. तुम्हाला इथला इतिहास कसा ठाऊक असणार?"

मतदान जवळ आलं तसा संशय इतका वाढला की तिन्ही पक्षांनी भिंतीपाशी एकेक माणूस खुर्ची टाकून बसवला. एकाने दुसऱ्याला रंग लावू द्यायचा नाही, दुसऱ्याने तिसऱ्याला. वृंदाताईंनी तिघांना कांदेपोहे दिले. तिघांनी ते इथल्या पोह्यांसारखे गोड नाहीत म्हणून नवल करत खाल्ले. भिंत पांढरीच राहिली.

निकालात शिडीवाले सुधाकर मंडल अगदी थोडक्यात निवडून आले. मृणालबाबूंच्या मते याचं कारण उघड होतं: त्यांची शिडी वेळेवर पुसली गेली.

संध्याकाळी ढोल-ताशात, गुलाल उधळत मिरवणूक कोपऱ्यावर आली. जिंकलेल्याने या भिंतीवर मतदारांचे आभार लिहायचे, ही इथली जुनी रीत. बादल्या आल्या, ब्रश आले. पण ब्रश हातात घ्यायला एकही कार्यकर्ता पुढे होईना. गर्दीत कुजबुज झाली. ढोल थांबला. मग गळ्यात हार घातलेले सुधाकर मंडल स्वतः जीपमधून उतरले, फाटकाची कडी काढून आत आले आणि व्हरांड्याच्या पायरीपाशी हात जोडून उभे राहिले.

"काकीमा, मतदान तर झालं. आता नुसतं 'धन्यवाद' लिहिलं तर चालेल का?"

आदर वगैरे काही नाही, हा भितोय, हे वृंदाताईंना स्वच्छ कळत होतं. हो म्हटलं तर काहीही बिघडणार नाही, पाच वर्षं आमदारकी सुखाने चालेल, हेही कळत होतं. पण त्याने विचारलं होतं. चांपाघाटला निवडणुका होऊ लागल्यापासून या घराच्या मालकाला कुणी असं विचारलेलं नव्हतं. मृणालबाबूंनाही तसं उदाहरण सापडलं नसतं. लांबी, दुधी रंग, चुन्याचे थर, इतके दिवस मनात घोकलेलं सगळं भाषण त्या क्षणी त्या विसरून गेल्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

"बरं, काकीमा," आमदार म्हणाले, आणि बाहेर जाऊन त्यांनी फाटकाची कडी हळूच लावून घेतली.