आधी वजन, मग चंद्र

दोर माझ्या तळहातांतून वर सरकत होता. मी तो दोन्ही हातांनी आवळला, अंगाचा सगळा भार त्यावर टाकला, तेव्हा कुठे तो थांबला. माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या.

रंगमंचाच्या मधोमध, जमिनीपासून अडीच मीटरवर माझी विद्यार्थिनी लटकत होती. वर्गात तिला सगळे इंचपट्टी म्हणत, कारण ती उंच, काटकुळी होती आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिच्या सुरक्षापट्ट्याचा हूक डोक्यावरच्या आडव्या लोखंडी पाइपात अडकवलेला होता. पाइप वर निघाला होता आणि तिला सोबत नेत होता. खाली ढकलगाडीवर आमचा चंद्र आडवा पडला होता.

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला डिझाइन शिकवते. पुस्तकातून शिकवून कंटाळले, म्हणून चार वर्षांपासून नाटकातल्या करामतींमधून शिकवते: धुकं, विजा, बघता बघता गायब होणारा माणूस. रंगमंचावर एकच संधी मिळते आणि प्रेक्षकांना तुमच्या गणिताशी देणंघेणं नसतं. यंदाचं काम होतं, नव्वद किलोचा चंद्र वीस सेकंदांत खाली आणायचा. आवाज नको, हेलकावा नको. पडद्यापलीकडे समितीचे तीन सदस्य बसले होते. हा विषय पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, ते आज ठरणार होतं. प्राध्यापकांच्या खोलीत माझ्या विषयाला ‘जादूचे प्रयोग’ म्हणतात. कधी माझ्यासमोरही.

चंद्राच्या पाइपाचे दोर छताखालच्या कप्प्यांवरून विंगेतल्या एका उभ्या चौकटीला बांधलेले असतात. चौकटीत दहा-दहा किलोच्या नऊ लोखंडी विटा. चंद्र खाली आला की चौकट वर जाते, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे चौकटीला वरून-खालून जोडलेला दुहेरी दोर एका हाताने ओढला तरी चालतं. हे सगळं नाट्यगृहाच्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी दाखवलं. तीस वर्षं ते हेच काम करत होते. दाखवून झाल्यावर त्यांनी मुलांकडून घोकून घ्यायला सुरुवात केली.

“पाइपावर चढवताना आधी सामान, मग वजन. उतरवताना आधी वजन, मग सामान. म्हणा.”

तिसऱ्या वेळी मी त्यांना थांबवलं. “मिस्त्री, पाठांतर नको. बलांची आकृती काढली की मुलं स्वतःच तिथे पोचतील.”

“पोचतील हो बाई,” मिस्त्री म्हणाले. “पण कुठल्या वाटेनं, ते बघा.”

मुलं हसली. मीही हसले.

आज सकाळी मी त्यांना तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. “आज तुम्ही पाहुणे,” म्हटलं. खरं कारण निराळं होतं. ते विंगेत दिसले असते तर समिती म्हणाली असती, सगळं काम मिस्त्रीनेच केलं.

प्रयोगाला दहा मिनिटं असताना चंद्रातला एक दिवा गेला. चंद्र ढकलगाडीवर टेकवला. इंचपट्टी शिडीवर चढली, आणि शिडीवर चढलं की हूक अडकवायचा हे मीच शिकवलेलं, म्हणून तिने तो पाइपात अडकवला. तारेपर्यंत हात पोचेना. मग चंद्र मागे कलता करायला तिने त्याला पाइपाशी जोडणाऱ्या दोन्ही कड्या सोडवल्या. ती असं का वागली ते मला पुढे नीट कळलं. तिच्या आकृतीत सगळं स्थिर होतं: चंद्र गाडीवर, दोर खटक्यात घट्ट. पण खटका दोर नुसता जागेवर ठेवतो, वजन पेलत नाही. वर चौकटीत नऊ विटा तशाच होत्या. दुसरी कडी सुटली आणि खटक्यातून दोर फुसफुसत निघाला.

मी विंगेत, खटक्याशेजारीच उभी होते.

“मॅडम,” इंचपट्टी कुजबुजली. “हे बरोबर नाहीये ना?”

पडद्यामागे मोठ्याने बोलायचं नाही, हाही माझाच नियम. लटकतानाही ती तो पाळत होती.

“पाइप धरून ठेव. हलू नकोस,” मीही कुजबुजले.

वर माळ्यावर ढापण्या होता, जाड चष्म्याचा मुलगा, विटांचा ताबा त्याच्याकडे. चौकट त्याच्या पायाखाली दीड मीटर सरकली होती. तो कठड्याबाहेर कमरेपर्यंत वाकला.

“हात पुरत नाहीये, मॅडम,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“खाली ये. शिडीने. घाई नको.”

आठ मीटरची उभी लोखंडी शिडी. त्याचे बूट एकेका पायरीवर वाजायला लागले.

इंचपट्टीचं वजन एक्कावन्न. नव्वदातून वजा केले तर एकोणचाळीस. माझं चौपन्न. कागदावर मी जिंकत होते. पण चौपन्न किलो जमिनीवर उभे असतात आणि दोर धरतात ते दहा बोटांनी, आणि बोटं ओली झाली होती. दोर सुटला तर ती दोन सेकंदांत छताखालच्या तुळयांवर जाऊन आदळणार होती. हे गणित मला नको असताना झालं. वेगसुद्धा निघाला.

ओरडायला हवं होतं. तिसरी रांग माझ्यापासून पंधरा पावलांवर होती.

मी ओरडले नाही. मला वाटलं, ढापण्या उतरेल, आम्ही दोघं मिळून ओढू, पडदा पाच मिनिटं उशिरा उघडेल, कोणाला कळणारही नाही. मला चार वर्षं दिसत होती आणि प्राध्यापकांच्या खोलीतले चेहरे दिसत होते. मी मोजत होते. सवयच आहे. सात. आठ. दोर एक बोटभर सरकला. इंचपट्टी वर गेली आणि तिने माझ्याकडे बघितलं. नऊ. पडद्यापलीकडून कुणीतरी खोकलं, आणि मी दात आवळून घेतले, जणू त्यांना माझा श्वाससुद्धा ऐकू जायला नको. दहा. ढापण्याचा पाय घसरला आणि बूट वाजायचे थांबले.

अकरा.

“मिस्त्री!”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तिसऱ्या रांगेतली खुर्ची आपटली. मिस्त्री पडद्याखालून वाकून आत आले, आणि त्यांनी एकदाच वर बघितलं. कोपऱ्यातला हातोडा उचलला, माझ्या हातातला दोर आणि मागचा दोर यांच्यामध्ये त्याचा दांडा घातला आणि पीळ द्यायला लागले. एक, दोन, तीन फेरे. दोन्ही दोर एकमेकांना आवळत गेले. दांडा त्यांनी लोखंडी आडव्या पट्टीखाली अडकवला.

“सोडा आता, बाई.”

“नाही.”

“अहो, धरलंय मी त्याला. सोडा.”

बोटं उघडत नव्हती. मिस्त्रींनी एकेक करून ती सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून काहीतरी काढून घ्यावं तशी. दोरावर लाल डाग होते.

तोवर समितीचे तिघेही मंचावर आले होते. अध्यक्षांनी वर लटकणाऱ्या मुलीकडे बघितलं. “हा... प्रयोगाचाच भाग आहे का?”

“साहेब, दोर धरा,” मिस्त्री म्हणाले. “सगळ्यांनी धरा. प्रश्न नंतर.”

पीळ काढून चौघांनी दोर खाली ओढला, शिडीला बिलगून राहिलेला ढापण्या पुन्हा माळ्यावर चढला आणि विटा काढत गेला. इंचपट्टीचे पाय शिडीला लागले. ती खाली उतरली, जमिनीवर बसली, आणि मग रडली. मिस्त्री तिच्याशेजारी उकिडवे बसले. “रड, बाळा. मोठ्याने रड. इथे कोणी ऐकत नाही.”

तासाभराने आम्ही रंगपटात होतो. माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या. अध्यक्ष दारात उभे राहून सौम्यपणे म्हणाले, “कुणाला लागलं नाही, हे महत्त्वाचं. अहवालात ‘तांत्रिक अडचण’ लिहा. विषयाचं बघू आपण. तुम्ही लगेच मदतीला बोलावलंत, हे आम्ही ऐकलंच.”

ते गेले. आरशांभोवतीचे दिवे उगाचच जळत होते.

इंचपट्टीने विचारलं, “मॅडम, मी लटकले, तेव्हा तुम्ही आधी का नाही हाक मारलीत?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. वर्गात एखादी पायरी समजली नाही की ती अशीच विचारायची.

“विषय बंद होईल म्हणून,” मी म्हणाले.

“मला वाटलं, तुमचा आवाज निघत नाहीये.”

“निघत होता.”

ढापण्या चष्मा पुसत राहिला.

मला पेन धरता येत नव्हतं, म्हणून मी सांगत गेले आणि ढापण्या लिहीत गेला. वेळ, वजनं, कड्या, खटका. मिस्त्रींचा नियम मी घोकू दिला नाही, हेही. मग म्हटलं, “लिही. दोर हातात आल्यानंतर मदतीसाठी हाक मारायला मी अकरा सेकंद घेतले. हाक मारणं शक्य होतं.”

ढापण्याचं पेन थांबलं. “मॅडम, हे नको ना. ते तर आपल्याला... म्हणजे, कशाला?”

“लिही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. लिहीना.

इंचपट्टीने त्याच्या पुढ्यातला कागद ओढला, त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि ते वाक्य लिहिलं. मग मान वर न करता म्हणाली, “पुढे सांगा.”