खाली

आपल्या जावईबापूंना इंग्रजी येतं, हे आमच्या कचेरीच्या मालकांनी तीनदा सांगितलं. येतं हो! नऊ वर्षं परदेशात काढली म्हणे. मराठी मात्र तिथंच कुठंतरी सांडून आले. बावीस वर्षं मालाचे कागद इंग्रजीत मी करत होते. सोमवारपासून ते काम त्यांच्याकडे गेलं आणि मी फायली लावायला बसले.

पहिल्याच दिवशी त्यांनी दिवे लावले. ‘गाडी लागली’ म्हणजे ट्रक धक्क्याला येऊन उभा राहिला, हे आमच्या चहावाल्यालाही ठाऊक. यांनी इंग्रजीत लिहिलं, ड्रायव्हरला मळमळतंय! मी दाखवलं, तर म्हणतात कसे, “ताई, तुमचं इंग्रजी जुनं झालंय.” अगं बाई! उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. मी तोंड मिटलं.

गुरुवारी मात्र तोंड मिटून चालण्यासारखं नव्हतं. त्याच दिवशी जहाजावर चढणाऱ्या साठ कंटेनरची यादी माझ्या फायलीत आली. त्यातल्या वीस डब्यांपुढे आमच्या गोदामवाल्यानं लिहिलं होतं, ‘खाली’. म्हणजे रिकामे. जावईबापूंचं भाषांतर: ‘बॉटम’. म्हणजे तळाला ठेवा! शिवाय वजनाचा रकाना ‘अनावश्यक’ म्हणून उडवलेला. रिकामे डबे तळात आणि भरलेले त्यांच्या डोक्यावर. पहिल्या मोठ्या लाटेला जहाज आडवं झालं असतं.

आणि त्याच जहाजावर माझा भाऊ खलाशी. पावणेसहा फूट उंच, पण घरात अजून बारक्याच. आई गेल्यावर मीच वाढवला त्याला.

मालकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “जावयाच्या चुका काढता? आधी आवाज खाली करा.”

मी पायात चपला अडकवल्या, छत्री उचलली आणि धक्क्यावर पळाले. आठ रिकामे डबे चढलेसुद्धा होते. यादी घेऊन उभ्या असलेल्या परदेशी अधिकाऱ्यासमोर मला एक शब्द सुचेना. बावीस वर्षं इंग्रजी लिहिलं, बोलले कधी होते? शेवटी नववा डबा गाठला आणि छत्रीच्या मुठीनं ठोकला. टण्ण! शेजारचा भरलेला ठोकला. ठप्प. पुन्हा टण्ण, पुन्हा ठप्प. हमाल खो खो हसत होते. अधिकारी हसला नाही. त्यानं हात वर केला आणि क्रेन थांबली.

वरून बारक्या ओरडला, “ताई, तू इथं काय करतेस?”

“तुझा जीव वाचवतेय, मूर्खा!”

आठही डबे परत उतरवले. जहाज पाच तास उशिरा सुटलं, पण नीट सुटलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. “चूक तुमच्या हातून झाली, असं लिहून द्या. जावयाचा मान राहिला पाहिजे. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

जावईबापू खिडकीबाहेर बघत होते. बावीस वर्षं डोळ्यांपुढून गेली. पेन घेतलं, दोन शब्द लिहिले, सही ठोकली आणि छत्री उचलून निघाले.

‘खुर्ची खाली.’

करा म्हणावं आता याचं इंग्रजी. अजून वाकून खुर्चीखाली मला शोधत असतील.